बापाच्या हाताचं दुखणं

कोंबडा आरवायच्या आधीच लुपेला जाग यायची. जाग आली तरी ती डोळे उघडायची नाही. आधी उजव्या हाताची बोटं हलवून बघायची. करंगळी, मग तिच्या शेजारची, मग मधलं बोट. अंगठ्याची पाळी शेवटी, कारण तो सगळ्यांत आळशी. बोटं हलली की जीभ. मिटल्या ओठांआड ती जीभ दोन्ही गालांना टेकवायची आणि मग पलीकडे तान्ह्या लेकराला कुशीत घेऊन निजलेल्या लेकीला, नाइतेला, ऐकू जाणार नाही अशा बेताने वाऱ्यांची नावं पुटपुटायची. उत्तरेचा, पूर्वेचा, पावसाचा, माशांचा. एखादं नाव ओठाला अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. सगळे वारे बिनचूक वाहिले की मगच डोळे उघडायचे. आजचा दिवस मिळाला.

ते दुखणं आलं तेव्हा ती ओंडक्यापाशी बसलेली होती. सालीचं कापड करायला गावातल्या बायका ओंडक्याच्या दोन्ही अंगांना बसत, प्रत्येकीच्या हाती मोगरी, आणि सगळ्या मोगऱ्या एका तालात पडत. ताल लुपेचा असायचा. गाणंही तीच उचलायची.

साल भिजली भिजली, राती पाण्याच्या डोणीत
बाई रुंदाव रुंदाव, चंद्र मावू दे ओटीत

त्या दिवशी ‘चंद्र’ म्हणता म्हणता तिची मोगरी हातातून सुटली. ताल मोडला. बायका आधी हसल्या. समोरची म्हणाली, “काय गं, नवरा आठवला वाटतं? ऑस्ट्रेलियात संत्री तोडतोय तो, येतोय कुठला एवढ्यात!” मग तिने वर पाहिलं, लुपेचं तोंड पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी गोठून गेलं. तोंड कुठे घसरलंय ते लुपेला स्वतःला दिसत नव्हतं. त्या बाईच्या चेहऱ्यातच तिला ते दिसलं. पुढे बोटीतून मोठ्या बेटावरच्या इस्पितळात नेलं, तिथे निजवलं, बसवलं, चालवलं, त्यातलं तिला थोडंच आठवायचं. तो गोठलेला चेहरा मात्र डोळ्यांपुढून हलत नव्हता.

घरी आली ती काठी टेकत आणि बिस्किटांच्या डब्यात गोळ्या घेऊन. लाल गोळी रक्ताच्या दाबाची, पांढरी रक्त पातळ ठेवायची. तिसरी कशाची ते ती विसरली होती आणि विचारायची लाज वाटत होती.

इस्पितळाने सांगितलं ते एक, आणि लुपेने स्वतःशी ठरवलं ते दुसरं. दुखणं आलं त्याच्या आदल्या संध्याकाळी तिने घामेजल्या अंगावर विहिरीचं गार पाणी घेतलं होतं, तेव्हा आता दुपारनंतर अंघोळ बंद. मोठ्याने हसायचं नाही, तोंड हसताना वाकडं होतं ते तसंच राहिलं तर? दिवेलागणीला थडग्यांच्या बाजूने जायचं नाही. आणि गोळी घ्यायची ती कानाला विचारून. दुखण्याच्या आधी काही दिवस तिच्या कानात पाखरू किरकिरत होतं. म्हणून पाखरू किरकिरलं की लाल गोळी, गप्प असलं की राहू दे. औषधसुद्धा उगाच खाल्लं तर अंगाला सवय लागते आणि खऱ्या वेळेला ते धावून येत नाही, असं तिला वाटायचं.

दर गुरुवारी बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यातून नर्स लुसेआने यायची. ती डब्यात डोकावली आणि कपाळाला हात लावून बसली.

“लुपे, गोळी काय कानाला विचारून घेतात?”

“मग कुणाला विचारू? तुला? तू तर गुरुवारी उगवतेस.”

“अगं, दाब चढताना आवाज करत नाही. चोर कधी दार ठोठावून आलाय का?”

लुसेआने चहा पिऊन, अळूच्या पानात शिजलेलं पत्र्याच्या डब्यातलं खारं मांस “तुझ्या जिवावर उठलंय, तेव्हा मीच संपवते” म्हणून संपवून निघून गेली. पण चोराची गोष्ट ती मागे ठेवून गेली. त्या दिवसापासून लुपेला कान वाजला की भीती वाटायची आणि नाही वाजला की त्याहून जास्त. त्या भीतीनेच ती रोज, न चुकता, जेवणाच्या आधी गोळ्या घेऊ लागली. असे काही आठवडे गेले. काठी दाराशी ठेवून ती अंगणापर्यंत जाऊ लागली. हात मात्र खांद्यापासून लोंबायचा, ओल्या दोरासारखा, आणि दंडात आत कुठेतरी ठणकायचा.

तशात फिफिता आत्या आली.

आत्याला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं म्हणणाऱ्यांनी या बेटांवर येऊन बघावं. इथे आत्याला मिशा नसल्या तरी साऱ्या काकांच्या वर तिचा पाट. बापाची बहीण. तिचा शब्द पडला की भावाच्या लेकरांनी तो झेलायचा, तिने मागितलं की द्यायचं, न मागता उचललं तर तोंडातून ब्र काढायचा नाही. तिचं मन दुखलं तर बाळंतपणं अडतात, मळ्यातली कोनफळं किडतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. फिफिता आत्या बोटीतून उतरली ती सत्तरी ओलांडलेली, धिप्पाड, हातात तेलाच्या बाटल्यांची पिशवी. ओटीवर बसता बसताच तिने नाइतेच्या नव्या पातेल्याकडे बोट दाखवलं. “हे मला हवं. माझ्याकडे भाताला नाही.” पातेलं तेव्हाच पिशवीशेजारी जाऊन बसलं.

मग तिने लुपेकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहतच राहिली.

“तोंड बरंच सरळ झालंय की.”

“हो आत्या.”

“आधी कुठलं सरळ होतं म्हणा. तुझ्या आईवर गेलंय.”

नाइते खाली मान घालून हसली. लुपेला बरं वाटलं. आत्या टोचून बोलतेय म्हणजे आपण अजून मेलेलो नाही.

आत्याने तिचा हात मांडीवर घेतला आणि नारळाचं तेल लावून खांद्यापासून बोटांपर्यंत चोळायला सुरुवात केली. तिच्या हाताला गुण आहे असं तीन बेटं म्हणत. दंडाशी तिचा अंगठा थांबला. “इथे ठणकतं?” लुपेने मान हलवली. “आतून? हाडातून?” पुन्हा मान. तेल पुसून आत्याने विचारलं, “दादाच्या, तुझ्या बापाच्या थडग्याशी ते सुरूचं झाड होतं, ते केवढं झालंय?”

पुढचं कुणाला सांगायला नको होतं. मेलेल्या माणसाच्या हाडांत झाडाचं मूळ शिरलं की त्याच्या रक्ताच्या माणसाला त्याच जागी दुखतं. जमिनीतल्याला कळ लागते, पण त्याला तोंड नसतं, म्हणून तो वरच्याच्या अंगातून ओरडतो. गावातल्या एका सुताराचं डोकं वर्षभर फुटत होतं. त्याच्या चुलत्याच्या कवटीच्या खाचेतून मूळ ओढून काढलं आणि सुतार दुसऱ्या दिवशी छपरावर चढला. हे ऐकीव नव्हे. त्या छपराखाली लोक राहत होते.

“दादाचा हात धरलाय मुळाने,” आत्या म्हणाली. “उघडावं लागेल. मी आधी नवं कापड मागवते, तेल कढवते, पाद्रीबुवांशी बोलते. आणि तोवर हे बंद.” तिने गोळ्यांचा डबा उचलून मांडीवर ठेवला. “माझं तेल नि पाला चालू असताना परक्यांचं औषध नको. एका तोंडात दोन वैद्य भांडतात.”

लुपेने डब्याकडे पाहिलं. तोंडून शब्द निघाले ते असे, “बरं, आत्या.”

दुसरं काय म्हणणार होती?

गुरुवारी लुसेआनेला कळलं. ती ओटीवर आलीच नाही. तिने लुपेला विहिरीपाशी गाठलं. “थडगं खुशाल उघडा. मी नाही म्हणत नाही. माझ्या आजीचंही उघडलंय. पण गोळ्या?”

“तू सांग ना आत्यांना.”

“मी? तुझ्या आत्यांना?” लुसेआनेने आवाज खाली आणला. “बाई, मला माझी एक आत्या आहे, तीच पुरते. तूच सांग. हात जोडून सांग. पण सांग, लुपे.”

लुपेने सांगितलं नाही. नाइते म्हणाली, मी आत्याआजी झोपल्यावर डब्यातून काढून आणते. लुपेने तिच्या हातावर चापट मारली. लपवून घेतलेल्या गोळीने तेलाचा गुण गेला तर? जमिनीतल्या बापाला कळलं तर? आणि आत्याचं मन दुखलं तर ते फिरून येणार कुणावर? नाइतेच्या तान्ह्यावर. एका बाजूला चोर आणि दुसऱ्या बाजूला शाप. दोघांच्या मधोमध लुपे रोज पहाटे वारे मोजत पडून राहायची. आता ती एकदा मोजून थांबत नव्हती. पुन्हा मोजायची. पुन्हा. कानातलं पाखरू परत आलं होतं.

आत्याची तयारी लांबत गेली. तेल हवं तसं कढेना, पाद्रीबुवा दुसऱ्या बेटावर गेलेले, मग मध्ये रविवार. अखेर एका सकाळी, प्रार्थना झाल्यावर, लुपेचा भाऊ होपोआते आणि त्याचे दोन मित्र फावडी घेऊन निघाले. लुपे थडग्यांच्या कडेला, सुरूच्या सावलीत चटईवर बसली. भाऊ तिच्याकडे बघत नव्हता आणि ती भावाकडे बघत नव्हती. वयात आल्यापासून दोघं एका खोलीत बसले नव्हते. बहिणीचा मान तसाच राखायचा असतो. पण त्याला बोलायचं असलं की तो नाइतेला मध्ये घ्यायचा.

“नाइते, तुझ्या आईला म्हणावं, ऊन सरकतंय, तिनेही सरकावं.”

“नाइते, तुझ्या मामाला म्हणावं, मला दिसतंय ऊन.”

“म्हणावं, मग सरक की.”

लुपे सरकली. ते दोन शब्द तिच्या भावाने तिची काळजी करून पाठवले होते. तिला रडू आलं.

काळे गोटे बाजूला झाले, पांढरी वाळू बाजूला झाली. मग फावडी थांबली आणि हात सुरू झाले. आत्या खड्ड्यात उतरली. बहीणच ती, भावाच्या अंगाला हात लावायचा हक्क तिचाच. बापाला पुरताना ज्या सालीच्या कापडात गुंडाळलं होतं ते लुपेने धोपटलेलं होतं. त्याचा एक तपकिरी तुकडा वर आला, नक्षीसकट, आणि लुपेला वाटलं, आपणच गुंडाळलं, आपणच उलगडतोय. तिने डोळे मिटले.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. समुद्र तेवढा वाजत होता.

“उजवा हात,” आत्या म्हणाली. मग, “होपो, झाडाच्या बाजूचं उकर.”

उकरलं. मूळ सापडलं. मनगटाएवढं जाड मूळ, थडग्याच्या दिशेने आलेलं, पायांपाशी पोचलेलं, आणि तिथून वळून समुद्राकडे निघून गेलेलं. हाडाला त्याचा स्पर्शही झाला नव्हता. आत्याने दंड चाचपला, कोपर चाचपलं, बोटांची एकेक कांडी हातात घेऊन बघितली. सगळं कोरडं, स्वच्छ, जिथल्या तिथे.

“दादा,” ती हळू आवाजात म्हणाली, “तुला काही दुखत नाही का रे?”

होपोआतेच्या मित्रांनी माना वळवल्या. लुपेने मात्र आपला दंड घट्ट धरला. बाप सुखात होता. मग तिचा हात कुणी धरला होता?

आत्या वर आली तेव्हा तिचा चेहरा वाळूच्या रंगाचा झाला होता. वर येताना तिचा डावा हात काठावरून निसटला. होपोआतेने तिला काखेत हात घालून ओढून घेतलं. “पाय घसरला,” ती म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. हाडांना तेल लागलं, नव्या कापडात ती निजली, वाळू परत ओढली गेली. घरी जाताना आत्याने एकच वाक्य उच्चारलं.

“आईचं उघडावं लागेल. माझ्या आईचं.”

लुपेची आजी दुसऱ्या बेटावर पुरलेली. म्हणजे बोट, पुन्हा पाद्रीबुवा, पुन्हा तेल. आणि आजीच्या हातातही मूळ नसलं तर आजोबा. आजोबांच्या मागे त्यांचा बाप. लुपेला वाटलं, सगळ्या बेटांवरच्या वाळूखाली आपलीच माणसं ओळीने निजलेली आहेत, एकामागे एक, पार समुद्राच्या काठापर्यंत. आत्या एकेकाला उठवून विचारत जाणार आणि आपण तेवढा वेळ पुरणार नाही.

दुपारी तिने ट्रंकेतून जुनी, विरलेली, कडा फाटलेली चटई काढली आणि कमरेला गुंडाळली. माफी मागायला जाताना अशी नेसतात. एका हाताने गाठ बसेना. नाइतेने न बोलता बांधून दिली.

“आई, मी येऊ?”

“नको. तान्ह्याला घेऊन शाळेकडे जा. तिथेच थांब. आत्या रागावल्या तर तू घरात नको.”

घराच्या मागे पपईच्या झाडाखाली आत्या बसायची. लुपे काठी न आपटता, पाय ओढत गेली. काय बोलायचं ते तिने वाऱ्यांच्या नावांसारखं घोकलं होतं. आत्या, माझं चुकतंय, पण मला मरायचं नाही. आत्या, माझं चुकतंय, पण मला मरायचं नाही. कोपरा वळून ती समोर आली आणि वाकून खाली बसणार, तेवढ्यात तिचं लक्ष आत्याच्या मांडीकडे गेलं.

डबा उघडा होता. आत्याच्या हातात शहाळं होतं आणि तोंडात काहीतरी. आत्याने ते गिळलं. तिच्या ओठाला लाल रंग लागला होता.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. कोंबडी मधून चालत गेली.

“काय बघतेस?” आत्या गरजली. “भाचरांचं ते माझं. पातेलं घेतलं तेव्हा नाही बघितलंस ती!”

“आत्या, तुम्ही... गोळी?”

“लाल तेवढ्याच खाल्ल्या. रक्ताला लाल. पांढऱ्यांना मी हात लावला नाही.”

“कधीपासून?”

आत्याने शहाळं खाली ठेवलं, आणि ते कलंडलं. तिने ते डाव्या हाताने ठेवलं होतं.

“माझ्याही कानात वाजतं,” ती एकदम म्हणाली, आवाज नेहमीचा नव्हता. “तू इस्पितळात होतीस तेव्हापासून. इथे उतरले, तुझं तोंड बघितलं, आणि मला वाटलं, हे माझं तोंड. उद्याचं. दादाही कोनफळाच्या मळ्यात पडला तेव्हा असाच वाकडा झाला होता. आम्ही म्हटलं, ऊन लागलं.” ती थांबली. “आणि आज खाली दादापाशी वाकले ना, तर हा हात निघून गेल्यासारखा झाला. अजून मुंग्या आहेत.”

लुपेची भीती इतकी मोठी होती की तीत आणखी भीतीला जागा उरली असेल असं तिला वाटलं नव्हतं. पण जागा होती.

“मग माझ्या का बंद केल्यात, आत्या?” ती म्हणाली. रडत नव्हती, भांडतही नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“अगं खुळे, तुझं दुखणं दादाचं आहे. जमिनीतलं. तिथे गोळी कशी पोचणार? उगाच वाया. माझं काय, माझं नुसतं रक्ताचं.”

म्हातारी खोटं बोलत नव्हती. तिच्या डोळ्यांत ते स्वच्छ दिसत होतं. तिने भाचीचं औषध पळवलं नव्हतं. जिला ते लागू पडणार नाही तिच्याकडून घेऊन, जिला पडेल तिला दिलं होतं, एवढंच.

लुपे खाली बसली, फाटक्या चटईवर, मान झुकवून, जशी बसायला हवी तशी. घोकलेलं सगळं ती विसरली. तोंडून निघालं ते दुसरंच.

“पण बाबांचा हात चांगला आहे, आत्या. तुम्हीच चाचपलात. एकेक कांडी.”

आत्याने कलंडलेलं शहाळं उजव्या हाताने सरळ केलं.

“मग माझंही रक्ताचंच असेल ना? नुसतं?”

वारा पपईच्या पानांत शिरला आणि निघून गेला. लुपेने मान वर केली नाही. वर केली असती तर धीर सुटला असता. “आजीचं उघडा. मी येईन. मीच कापड धोपटेन, एका हाताने. पण तोवर मला रक्ताचं औषध घेऊ द्या. मी पाया पडते.”

“मूळ वळून गेलं,” आत्या स्वतःशीच म्हणाली. “पायापाशी येऊन वळून गेलं. मी म्हटलं, दादा काहीतरी सांगतोय. काय सांगतोय ते कळेना.” मग म्हणाली, “घे.”

तिने डबा पुढे केला. लुपेने आत पाहिलं. पांढऱ्या होत्या, तिसऱ्या होत्या. लाल एकही नव्हती.

“संपल्या?”

“आत्ता ती शेवटची,” आत्या म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिने भाचीपुढे मान खाली घातली.

लुपेला ते बघवेना. ती काठी टेकून उठली आणि घराच्या पुढल्या अंगाला जाऊन, जन्मात कधी मारली नव्हती अशी हाक तिने मारली. “होपो! गाडी काढ!” मध्ये नाइते नव्हती. भावाला थेट, नाव घेऊन. रस्त्यापलीकडे होपोआते दारात आला, आणि त्याने एकदाच सरळ तिच्या तोंडाकडे बघितलं, ते वाकडं झालंय का बघायला. मग धावला.

आत्या पुढे बसली. लुपे मागच्या उघड्या हौद्यात, चटईवर. रस्ताभर ती पुढच्या काचेतून आत्याच्या डोक्याकडे बघत होती. ते एका बाजूला कलतंय का? खड्ड्याने कललं की आपणच कललं? गाडी हळू चालवावी तर उशीर, जोरात चालवावी तर दणके. भाऊ कधी हळू, कधी जोरात चालवत होता. तोही भ्यालेला होता.

लुसेआनेने आधी आत्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला. मानाप्रमाणे. यंत्र फुसफुसलं. लुसेआनेने आकड्याकडे बघितलं आणि पट्टा सोडून पुन्हा गुंडाळला. पुन्हा बघितलं. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते लुपेने ओळखलं. मोगरी सुटली तेव्हा समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर तेच होतं.

“यंत्र बिघडलंय का?” आत्याने विचारलं.

“नाही, आत्याबाई.”

“मग तोंड का असं केलंस? माझ्यापुढे तोंड करायचं नाही.”

लुसेआनेने लुपेचाही दाब घेतला, तोही चांगला नव्हता. पण ती फोनवर बोलली ते आत्याबद्दल. इस्पितळाची बोट निघतेय, भरती असेपर्यंत पोचेल. तिने आत्याला दोन्ही हात पुढे करायला लावले. डावा हळूहळू खाली उतरला, आत्याने तो रागाने वर नेला, तो परत उतरला. लुसेआनेने दुसरी एक गोळी काढली, मोठ्या इस्पितळाने फोनवर सांगितली ती, आणि लुपेसाठी तिच्या लाल गोळ्यांचं नवं पाकीट.

“आधी मला,” आत्या म्हणाली.

“आधी तुम्हालाच,” लुसेआने म्हणाली. “घोट लहान. नीट गिळा. ठसका लागला तर सांगा.”

मग लुपेने घेतली. आत्याच्या समोर, आत्याच्या हातच्या पेल्यातून. गोळी घशाखाली उतरली तेव्हा तिला वाटलं होतं, काहीतरी होईल. आभाळ फाटेल, नाहीतर जीव हलका होईल. काहीच झालं नाही. भीती जिथे होती तिथेच बसून राहिली, फक्त आता ती दोघींची झाली होती.

बोट येईपर्यंत आत्याने उठायचं नव्हतं. दवाखान्याच्या ओटीवर उशा लावून तिला टेकवलं, आणि लुपे तिच्या डाव्या अंगाला बसली. तिचा मुंग्या आलेला हात लुपेने आपल्या चांगल्या हातात धरला. होपोआते धक्क्यावर समुद्राकडे तोंड करून उभा होता. आत्याने डोळे मिटले.

“आत्या.”

“हं.”

“झोपू नका ना.”

“झोपत नाही. डोळे मिटलेत.”

थोडा वेळ गेला. आत्याचा श्वास लांबला. लुपेने तिचा हात हलवला.

“आत्या, बोला ना काहीतरी.”

“काय बोलू?”

“काहीही. मला रागवा.”

आत्याने एक डोळा उघडला. “फाटकी चटई नेसून दवाखान्यात येतात का? लोक म्हणतील, भावाची पोर उघडी पडली. तुझी आई अशीच. लग्नात आली तेव्हा कमरेला जी चटई होती ती शेजारणीची. मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. आणि चालायची कशी, तर...”

ती थांबली. लुपेने तिचा हात इतका घट्ट दाबला की स्वतःचंच मनगट दुखलं. तिची नजर आत्याच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर खिळली होती.

“आत्या!”

“ओरडू नकोस. शब्द शोधतेय.” आत्याचे ओठ हलले, थांबले. “बदकासारखी. बदकासारखी चालायची.”

धक्क्यावर होपोआतेने डोळ्यांवर हात धरला. समुद्र मोकळाच होता.

“मग?” लुपे म्हणाली. “मग पुढे काय झालं, आत्या? लग्नात?”